केसपेपरवरची पुढची तारीख : मेडिकल मिशन निघून गेल्यावर तिथे काय उरतं

काही वर्षांपूर्वी एका मोफत तपासणी शिबिरात मी तीन दिवस रजिस्टर लिहायला बसले होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे काम एवढंच की नाव, वय, तक्रार, बीपी, दिलेलं औषध हे रकाने भरायचे आणि माणसाला पुढच्या टेबलाकडे पाठवायचं. रांग पहाटेपासून लागलेली असायची, डॉक्टर मंडळी खरंच मान वर न करता काम करत होती, कुणी वेळ मारून नेत नव्हतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी एका बाईंनी गोळ्यांचं पाकीट हातात धरून विचारलं, या महिन्याभराच्या आहेत ना, मग महिन्याने कुठे येऊ? मी रजिस्टरकडे बघितलं आणि तेव्हा लक्षात आलं की त्यात या प्रश्नाचा रकानाच नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतो.

तो प्रश्न डोक्यातून गेला नाही म्हणून तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलेय, काम करणाऱ्या लोकांशी बोलत आलेय, आणि जे समजलं ते सोप्या भाषेत लिहून काढावं असं खूप दिवस मनात होतं. कारण आपल्यातले बरेच जण अशा मेडिकल मिशनला, म्हणजे काही दिवसांसाठी बाहेरून जाऊन मोफत उपचार करणाऱ्या टीमला, पैसे देतात, औषधं देतात, काही जण सुट्टी काढून जातात, आणि जाताना मनात चांगलंच असतं. पण चांगल्या मनाने केलेलं काम टिकतं का नाही हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघा. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने हिशेब मांडला होता की जगात सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडेल असं ऑपरेशन आणि भूल मिळत नाही, आणि ही गरज भागवायची तर दर वर्षी आणखी १४ कोटी ३० लाख ऑपरेशनं व्हायला हवीत. आता एक टीम दोन आठवडे जाते, समजा शंभर ऑपरेशनं करते. त्या शंभर माणसांसाठी ते सगळं जग आहे हे मी अजिबात नाकारत नाहीये, ज्याच्या डोळ्याचा पडदा निघाला त्याला आकडेवारीशी काय घेणं. पण बाहेरून येणाऱ्या टीमच्या जोरावर ही संख्या कधीच गाठता येणार नाही हे शाळेतल्या गुणाकाराने सुद्धा कळतं. ही ऑपरेशनं त्या त्या ठिकाणी राहणाऱ्या डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ यांनीच रोजच्या रोज करायची आहेत, मग बाहेरच्यांनी जाऊन करायचं ते काम कुठलं, हा खरा विषय आहे.

आता आजारांकडे या. मला समजायला सगळ्यात सोपी गेलेली फोड म्हणजे, या आजाराला किती 'पुढच्या तारखा' लागतात. दात काढायचा असेल तर जवळपास एकच दिवस पुरतो. मोतीबिंदूला दोन-तीन. टीबीला कमीत कमी काही महिने. बीपी आणि शुगरला आयुष्यभर. शिबिर म्हणजे एकच तारीख. त्यामुळे आजाराच्या तारखा जितक्या जास्त तितकं शिबिर त्याला अपुरं पडणार, डॉक्टर कितीही हुशार असू देत.

बीपीचंच घ्या. एका दिवशी, तीन तास रांगेत उभं राहिल्यावर, अनोळखी लोकांच्या गराड्यात मोजलेलं बीपी जास्त आलं म्हणजे त्या माणसाला बीपीचा आजार आहे असं लगेच म्हणता येत नाही, वेगवेगळ्या दिवशी मोजून बघावं लागतं. म्हणजे निदानालाच दुसरी तारीख लागते. बरं आजार आहे असं धरून गोळी सुरू केली, तर ती लागू पडली का, डोस वाढवायचा का, पायाला सूज आली का, किडनी बरी आहे ना, हे बघायला तिसरी-चौथी तारीख. आणि तीस दिवसांनी गोळ्या संपल्या की? काही गोळ्या अशा असतात की अचानक बंद केल्या तर बीपी उलट उसळी मारतं. शिवाय एक गोष्ट पुस्तकात कमी आणि गावात जास्त दिसते, महिन्याच्या गोळ्या खाऊन झाल्या की माणसाला वाटतं आपला कोर्स पूर्ण झाला, आता आपण बरे. आम्ही त्याला बरं न करताच बरं झाल्याची समजूत देऊन आलो, हे माझ्या मनाला फार लागलेलं आहे.

याच्या उलट मोतीबिंदू. शिबिरात करण्यासारखं ऑपरेशन म्हणून सगळे याचंच उदाहरण देतात आणि ते बरोबर आहे, ऑपरेशन लहान, फायदा लगेच. पण इथेही लोकांनी अनुभवातून काय शिकलं ते बघण्यासारखं आहे. मदुराईत १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत गावातल्या शिबिरात फक्त तपासणी होते, ज्याला ऑपरेशन हवंय त्याला बसमध्ये बसवून मुख्य हॉस्पिटलला आणायचं, ऑपरेशन पक्क्या थिएटरमध्ये करायचं, दुसऱ्या दिवशी डोळा बघायचा, मग परत घरी सोडायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. कारण डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर तो ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत कळतो आणि तेव्हाच धरला नाही तर डोळा जातो. मंडपात ऑपरेशन करून टीम संध्याकाळी निघून गेली तर ते काही दिवस बघणार कोण?

याच संदर्भात दक्षिण भारतात एक पाहणी झाली होती, १९९९ मध्ये छापून आली. ज्या गावांमध्ये डोळ्यांची शिबिरं होत होती तिथे डोळ्यांचा त्रास असलेल्या लोकांपैकी शिबिराला प्रत्यक्षात गेले किती, तर साधारण ७ टक्के. फक्त सात. शिबिर मोफत, शिबिर जवळ, तरीही. घरात सोबत यायला कुणी नाही, मजुरी बुडते, भीती वाटते, कारणं अनेक. बाहेरून बघणाऱ्याला रांग दिसते आणि वाटतं सगळं गाव लोटलंय, पण जे रांगेत नाहीत ते दिसतच नाहीत. ही गोष्ट कळल्यावर अरविंदने पुढे कायमची छोटी दृष्टी केंद्रं काढली, जिथे प्रशिक्षित मुली रोज बसतात, डोळे तपासतात आणि मोठ्या डॉक्टरशी संगणकावरून बोलून घेतात. केंद्र उद्याही उघडं असणार, परवाही असणार, एवढ्या एका गोष्टीने येणाऱ्याची घाई आणि धास्ती दोन्ही कमी होते.

नेपाळची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज १९८५ च्या सुमारास नेपाळमध्ये आले, तिथे तरुण डॉ. संदुक रुइत यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि रुइत पुढे त्यांच्याकडे ऑस्ट्रेलियात जाऊन काम करून आले. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची भिंग इतकी महाग होती, एकेक शंभर डॉलरच्या वर, की गरीब देशात जाड काचेचा चष्मा देऊन पाठवणं हीच रीत होती. या लोकांनी ठरवलं की भिंग इथेच बनवायची. हॉलोज १९९३ मध्ये वारले, पण १९९४ मध्ये काठमांडूत तिलगंगा नेत्र केंद्र उभं राहिलं आणि तिथे भिंगांचा कारखानाही, तसाच एक एरिट्रियात अस्मारा शहरात. भिंगाची किंमत काही डॉलरवर आली. म्हणजे पाहुणा डॉक्टर आला आणि त्याच्या मागे काय राहिलं, तर त्याच देशाचा सर्जन, त्याच देशातलं हॉस्पिटल, त्याच देशात बनणारं सामान. पाहुण्याने स्वतः किती डोळे उघडले हा आकडा त्यापुढे लहानच.

आता जरा अवघड उदाहरण, पण समजून घ्या, कारण सगळा मुद्दा यात आहे. काही बाळं जन्मतःच पाऊल आत वळलेलं घेऊन येतात, इंग्रजीत क्लबफूट म्हणतात, साधारण हजारात एका बाळाला असतं. यावर मोठं ऑपरेशन करता येतं. टीम दोन आठवड्यांत अशी बरीच ऑपरेशनं करू शकते, आधीचे-नंतरचे फोटोही छान येतात. पण अशी मोठी ऑपरेशनं झालेली पावलं मोठेपणी ताठर होतात, दुखतात, असा अनुभव आहे. दुसरी पद्धत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांची. त्यात दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू सरळ करत मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, असं पाच-सहा आठवडे, मग बहुतेकांना टाचेमागच्या स्नायुबंधाला (टेंडनला) एक बारीक छेद, त्यानंतर तीन महिने जवळपास दिवसरात्र आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना खास पट्टीचे बूट. बूट घालणं सोडलं की पाऊल पुन्हा वळतं.

बघा आता. ही पद्धत जास्त चांगली, जास्त स्वस्त, आणि ती दोन आठवड्यांच्या टीमला करताच येत नाही! तिला लागतं काय, तर दर आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या ठिकाणी बसणारा माणूस, प्लास्टरचं सामान, बूट बनवणारा कारागीर, आणि रात्री बाळ रडतंय म्हणून बूट काढावेसे वाटणाऱ्या आईला धीर देणारं कुणीतरी. सर्जन पाहिजेच असंही नाही. मलावी, युगांडा अशा देशांत डॉक्टर नसलेल्या पण हाडांच्या कामात तयार केलेल्या क्लिनिकल ऑफिसर मंडळींना ही प्लास्टर पद्धत शिकवली गेली आणि ते ती नीट करतात असं दिसलं. तेव्हा बाहेरून गेलेल्या हाडांच्या डॉक्टरने दोन आठवडे सुरी चालवण्याऐवजी दोन आठवडे प्लास्टर घालायला शिकवलं, सहा महिन्यांनी परत जाऊन हात बघितला, चुका दुरुस्त केल्या, तर तिथल्या बाळांना जे मिळतं ते कितीतरी मोठं आहे. फोटो मात्र निघत नाही. आणि पैसे देणाऱ्याला फोटो लागतो, ही अडचण आहे आणि ती पैसे देणाऱ्या आपल्यासारख्यांनी सोडवायची आहे.

दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या ऑपरेशनमध्ये हाच बदल संस्थांच्या पातळीवर झाला. ऑपरेशन स्माइल १९८२ मध्ये सुरू झाली, सुरुवातीची पद्धत अशी की डॉक्टरांची टीम दुसऱ्या देशात जाऊन मुलांची ऑपरेशनं करून यायची. १९९९ मध्ये स्माइल ट्रेन सुरू झाली ती उलट विचाराने, टीम पाठवायची नाही, तिथल्याच सर्जनना प्रशिक्षण आणि पैसा द्यायचा म्हणजे ते बारा महिने करतील. पुढे ऑपरेशन स्माइलनेही कायमची केंद्रं काढली. कारण ओठ शिवला तरी मुलाला बोलायला शिकवणं, दात, कान, वजन वाढणं हे सगळं वर्षानुवर्षं बघायला लागतं.

औषधं आणि मशिनं या विषयावर थोडं थांबते, कारण घरबसल्या मदत करणारे बहुतेक इथेच मदत करतात. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि सामान पोचलं. ते नक्की काय काय आलंय हे नीट कळायला ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के औषधं पोचली तेव्हाच एक्सपायरी होऊन गेलेली होती, ४ टक्के थंडीने गोठून वाया गेली, उरलेल्यातली जेमतेम ३० टक्के सहज ओळखता येत होती कारण बाकीच्यांवर नुसती कंपन्यांची नावं, आतलं औषध कुठलं ते कळेना. ज्या फार्मासिस्टनी जखमींसाठी पळायचं ते खोकी फोडत बसले. असे अनुभव आल्यावर १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम केले, त्यातले मोठे असे की, जिथे देताय तिथल्या लोकांनी मागितलेलंच द्या, त्यांच्या यादीतलंच द्या, आणि पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. घरातल्या उरलेल्या गोळ्या गोळा करून पाठवणं तर या नियमात बसतच नाही. मन दुखावतं असं सांगितलं की, मला कळतं, पण जी गोळी आपण आपल्या मुलाला देणार नाही ती दुसऱ्याच्या मुलाला का द्यायची.

मशिनांचं तसंच. १६ गरीब देशांतल्या एक लाखाहून जास्त वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या तर त्यातली ३८ टक्के बंद पडलेली होती. दान आलेल्या मशिनला मॅन्युअल नसतं किंवा भलत्या भाषेत असतं, व्होल्टेज वेगळं असतं, त्याची नळी किंवा फिल्टर त्या देशात मिळत नाही, आणि दुरुस्त करणारा माणूस तर कुणी नेमलेलाच नसतो. मशिनलाही पुढची तारीख लागते, सर्व्हिसिंगची. पण यातली आशेची बाजू मला फार महत्त्वाची वाटते. बंद मशिनांच्या दुरुस्तीच्या २,८४९ मागण्यांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की ६६ टक्के मशिनं फक्त १०७ ठरावीक कौशल्यांच्या जोरावर पुन्हा चालू करता येतात, आणि तीही साधीच, वायर जोडणं, स्विच बदलणं, पाण्याची गळती थांबवणं, पॉवर सप्लाय बघणं, अशा जातीची. म्हणजे इंजिनिअर झालेलाच माणूस पाहिजे असं नाही, तिथल्याच एखाद्या हात चालणाऱ्या तरुणाला शिकवता येतं. तुम्ही इलेक्ट्रिशियन असाल आणि वाटत असेल की मेडिकल मिशनमध्ये आपलं काय काम, तर खरंच सांगते, एखाद्या पाहुण्या सर्जनपेक्षा तुमची गरज जास्त असू शकते.

सामान कसं द्यावं याचंही एक चांगलं उदाहरण आहे. भूल दिलेल्या माणसाच्या बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं पल्स ऑक्सिमीटर आता आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०१० च्या सुमाराचा अंदाज होता की जगातल्या ७७ हजारांहून जास्त ऑपरेशन थिएटरमध्ये ते नव्हतंच. लाइफबॉक्स ही संस्था २०११ मध्ये याच कामासाठी निघाली आणि त्यांनी आधी मजबूत, आपटलं तरी टिकणारं, वीज गेली तरी चालणारं मॉडेल निवडून घेतलं, आणि मशिनबरोबर ते कसं वापरायचं, आवाज बदलला की काय करायचं याचं प्रशिक्षणही जोडलं. खोकं पाठवून मोकळं होणं आणि हे, यात फरक आहे.

आता मुख्य मुद्दा, माणसं. बाहेरचा पाहुणा किती दिवस राहतो यापेक्षा तो कुणाच्या शेजारी उभा राहतो हे बघा. रवांडाने २०१२ मध्ये सात वर्षांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात अमेरिकेतल्या विद्यापीठांचे शिक्षक, डॉक्टर, नर्स येत, बहुतेक वर्षभर मुक्कामाला, आणि प्रत्येकाची जोडी एका रवांडन सहकाऱ्याशी लावलेली असे. तो शिकवतो, हा शिकतो, आणि उलटही, कारण तिथले आजार, तिथली भाषा, तिथली तुटपुंजी साधनं यात पाहुणाच कच्चा असतो. आणखी महत्त्वाचं म्हणजे कार्यक्रमाची सूत्रं आणि पैसा तिथल्या आरोग्य मंत्रालयाकडे होते. कुठले विषय शिकवायचे, कुठल्या हॉस्पिटलमध्ये, हे पाहुण्यांनी ठरवायचं नव्हतं. हे ऐकायला कोरडं वाटेल पण टिकण्याचं रहस्य बरंचसं इथे आहे, पगार कोण देणार, पद कुणाच्या आस्थापनेवर, नोंदी कुणाच्या रजिस्टरमध्ये. मिशनने शिकवलेल्या नर्सला पगाराची जागाच नसेल तर ती शहरात निघून जाते आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

काही डॉक्टर मात्र पाहुणे राहिलेच नाहीत, तिथेच राहिले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, आणि गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, बऱ्याच दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च ही संस्था काढली, पुढे ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर घरी जाऊन अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं शिकवलं, आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल छापून आला, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. ६२ टक्के! आणि काम करणारी बाई त्याच गावात राहणारी, रात्री दोन वाजता हाक मारली तर ओ देणारी. या कामातून निघालेली पद्धत नंतर देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली.

हैतीत पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेने हाच धागा धरला. १९८० च्या दशकात कांज नावाच्या खेड्यात काम सुरू झालं, अमेरिकन डॉक्टर पॉल फार्मर त्यातले एक. टीबीच्या पेशंटला गोळ्या देऊन पाठवायचं नाही तर शेजारचाच एक माणूस पगारावर नेमायचा जो रोज त्याच्या घरी जाईल, गोळी डोळ्यासमोर घ्यायला लावेल, घरात खायला आहे का बघेल. त्याला ते सोबत करणारा म्हणतात, आणि मला तो शब्दच फार नेमका वाटतो. पगारावर, हे लक्षात घ्या. गरीब बाईने गावासाठी फुकट राबावं आणि विमानाने आलेल्यांचा प्रवासखर्च मात्र निघावा, हा हिशेब बरोबर नाही असं माझं स्पष्ट मत आहे. २०१० मध्ये तिथे मोठा भूकंप झाला तेव्हा जगभरातून मदत येऊन पोचायच्या आधीपासून जे तिथे होते ते लगेच कामाला लागू शकले, ही संस्थेची माणसं आणि १९९८ पासून तिथे राहून काम करणारे क्यूबाचे डॉक्टरही. क्यूबाने तर १९९९ मध्ये हवानात लॅटिन अमेरिकेतल्या मुलांसाठी वैद्यकीय शाळाच काढली, गरीब घरातली मुलं तिथे डॉक्टर होऊन आपापल्या देशात परत जातात. हैतीतही २०१३ मध्ये मिरेबाले गावी ३०० खाटांचं शिकवणारं हॉस्पिटल सुरू झालं, म्हणजे तिथले तरुण डॉक्टर तिथेच तज्ज्ञ होऊ लागले.

मग छोट्या मिशनने जाऊच नये का? असं मी म्हणत नाहीये. जावं, पण कुणी बोलावलंय ते विचारून. तिथल्या हॉस्पिटलने सांगितलं की आम्हाला भूलतज्ज्ञ पाहिजे आणि आपण दाताच्या डॉक्टरांची टीम नेली कारण आपल्याकडे तेच तयार होते, असं होता कामा नये. एक गोष्ट बाहेरून कळत नाही, पाहुणी टीम आली की तिथलं एकुलतं एक थिएटर, तिथल्या नर्स, उपकरणं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह, खाटा सगळं आठवडाभर त्यांच्याकडे जातं आणि नेहमीची ऑपरेशनं पुढे ढकलली जातात. आपण शंभर केल्या म्हणतो तेव्हा त्या आठवड्यात तिथल्यांच्या किती राहिल्या ते वजा करत नाही. मोफत शिबिर दर वर्षी येतं म्हटल्यावर काही लोक दुखणं अंगावर काढत वर्षभर थांबतात हेही आहेच. आणि शिकाऊ विद्यार्थ्यांबद्दल एवढंच, जे टाके तुम्हाला आपल्या कॉलेजात एकट्याने घालू देत नाहीत ते तिथेही घालायचे नाहीत, गरीब माणसाचं शरीर सराव करायला नसतं. डॉक्टरनेही त्या देशाचं रीतसर लायसन्स घेऊनच हात लावायचा.

मोजमापाबद्दल तर अवस्था वाईटच म्हणायची. अशा छोट्या मिशनवर वीस वर्षांत छापलेल्या लिखाणाचा आढावा २०१४ मध्ये घेतला गेला तेव्हा जवळपास ९५ टक्के लिखाणात म्हणावी अशी आकडेवारीच गोळा केलेली नव्हती. किती पेशंट बघितले हे सगळे सांगतात, सहा महिन्यांनी त्यातले किती बरे आहेत, किती जखमा चिघळल्या, किती जण परत आलेच नाहीत, हे सांगणारे फार थोडे. म्हणून पैसे देण्याआधी संस्थेला एक विचारा, मागच्या वर्षी बघितलेल्या पेशंटचं आता कसं आहे. ज्यांचं काम नीट चाललंय ते या प्रश्नाने चिडत नाहीत, उलट वही काढून दाखवतात.

त्या शिबिरानंतर मी पुन्हा दोनदा रजिस्टर लिहायला गेले. जाण्याआधी आम्ही वहीत दोन रकाने वाढवले, पुढची तारीख आणि कोणाकडे. ते भरायचे म्हटल्यावर आपोआप बाकीची कामं समोर आली, तिथल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सला आधी दोन महिने फोन करावा लागला, त्यांच्याकडे बीपीच्या कुठल्या गोळ्या वर्षभर मिळतात ती यादी मागवून आम्हीही त्याच गोळ्या लिहायच्या असं ठरलं, भारीतल्या नवीन गोळ्या घरीच ठेवल्या, आणि जाताना वहीची एक प्रत त्यांच्याकडे दिली, ज्यात कुणाला कुठल्या वारी बोलवलंय ते नावानिशी होतं. एका वस्तीसाठी मात्र 'कोणाकडे' मध्ये लिहायला कुणीच सापडलं नाही, केंद्र खूप लांब. तिथे आम्ही गोळ्या सुरू केल्या नाहीत. बीपी खूपच जास्त आलेल्यांना थेट गाडीत घालून केंद्रावर नेलं, बाकीच्यांना मोजून कागदावर लिहून दिलं, आणि त्या वर्षीच्या शिबिराचे उरलेले पैसे वस्तीतल्याच एका मुलीला बीपी मोजायला शिकवण्यात आणि तिच्या मानधनात घातले. ती आता दर गुरुवारी बसते.